बेरिया कॉलेज

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ॲपलाचियन डोंगरांच्या पायथ्याशी असलेले खाजगी लिबरल आर्ट्स (कला, विज्ञान अशा विषयांचे व्यापक शिक्षण देणारे) कॉलेज. स्थापना 1855. विद्यार्थिसंख्या सुमारे दीड हजार. गुलामगिरी असलेल्या दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या, स्त्री आणि पुरुष विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणारे पहिले कॉलेज म्हणून ते ओळखले जाते.

संस्थापक जॉन फी हा गुलामांच्या मालकाचा मुलगा. धर्मशिक्षण घेताना तो गुलामगिरीच्या विरोधात गेला आणि वडिलांनी त्याचा वारसाहक्क काढून घेतला. कॅशियस क्ले या गुलामगिरीविरोधी पुढाऱ्याने दिलेल्या जमिनीवर फीने वस्ती वसवली व एका खोलीची शाळा काढली. 1859 मध्ये जॉन ब्राउन या गुलामगिरीविरोधकाच्या सशस्त्र उठावाने धास्तावलेल्या सशस्त्र गोऱ्यांनी फी आणि त्याच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर काढले. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर शाळा पुन्हा भरली, तेव्हा पटावर 96 काळे आणि 91 गोरे विद्यार्थी होते. पुढची दोन दशके हे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे राहिले. त्या काळाचा विचार करता ही असामान्य गोष्ट होती.

1892 मध्ये विल्यम फ्रॉस्ट अध्यक्ष झाला. त्याचे लक्ष डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांकडे वळले आणि काळ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण घटत गेले. बेरियाचा इतिहास सांगताना सगळा दोष पुढे आलेल्या वंशभेदी कायद्यावर टाकणे म्हणूनच योग्य नाही. पीछेहाट आतूनही सुरू झाली होती. 1904 च्या ‘डे लॉ’ने केंटकीत दोन्ही वंशांना एकत्र शिकवणे गुन्हा ठरवले. राज्यात असे एकत्र शिक्षण देणारे कॉलेज बेरियाच होते. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1908 मध्ये हरले. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालाविरुद्ध मत नोंदवले. काळ्या विद्यार्थ्यांसाठी लुइव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभारली गेली. कायद्यात दुरुस्ती झाली 1950 मध्ये, आणि त्यानंतर बेरियाची दारे काळ्या विद्यार्थ्यांना पुन्हा उघडली. काळ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारे कार्टर वुडसन 1903 मध्ये, म्हणजे कायद्याच्या आदल्याच वर्षी, इथून पदवी घेऊन बाहेर पडले होते.

1892 पासून इथे शिकवणीची फी घेतली जात नाही. 1920 मध्ये विश्वस्तांनी ठरवले की ज्या मृत्युपत्री देणग्यांना अट जोडलेली नाही त्या खर्च न करता कायम निधीत टाकायच्या. आज कॉलेज मोठ्या प्रमाणावर त्या निधीच्या उत्पन्नावर चालते. प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना मिळतो; बहुतेक जण ॲपलाचियन भागातले असतात.

प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान दहा तास काम करायचे असते. कामाचा मोबदला मिळतो आणि कामाचे मूल्यमापनही होते. भोजनगृह, ग्रंथालय, शेत, कार्यालये, 1909 मध्ये सुरू झालेले बून टॅव्हर्न हॉटेल, सगळीकडे विद्यार्थी राबताना दिसतात. विणकाम, सुतारकाम आणि झाडू बनवण्याच्या कार्यशाळांतला माल विकला जातो. श्रीमंतांच्या कॉलेजात गरीब मुलगा काम करतो तेव्हा तो वेगळा पडतो. इथे काम सर्वांनाच असल्याने तो प्रश्न उरत नाही, आणि हेच या व्यवस्थेचे खरे मोल. शरद ऋतूतल्या ‘माउंटन डे’ला वर्गांना सुट्टी असते. त्या दिवशी विद्यार्थी आणि प्राध्यापक कॉलेजच्याच मालकीच्या जंगलातून ‘पिनॅकल्स’ नावाच्या सुळक्यांवर चढतात. काही जण सूर्योदय गाठण्यासाठी अंधारातच निघतात.