ऑफिसच्या नेटवरून ट्रेनिंग करणार असाल तर आधी हे वाचा

आमच्याकडे ऑनलाइन शिकणारे बरेचसे कन्सल्टंट क्लायंटच्या ऑफिसात बसूनच क्लास करतात आणि पहिल्या दिवशी ठरलेला गोंधळ, व्हिडिओ चालतोय पण लॅब, म्हणजे सरावाचं दूरचं मशीन, उघडत नाही. लॅपटॉप बिघडलेला नसतो. तिथलं फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणारी यंत्रणा, बाहेर जायला ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट (वेबसाइटचे दरवाजे म्हणा) देतं, आणि लॅबच्या मशीनला एसएसएचसाठी, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांड द्यायला, २२ किंवा रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ लागतो, तो बंद. म्हणून आता आमच्या लॅब ब्राउझरमधूनच ४४३ वर चालतात. तरी काही प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसचं ट्रॅफिक मधून नेणारे सर्व्हर, वेबसॉकेट (ब्राउझर आणि लॅबमधलं सतत चालू राहणारं कनेक्शन) तोडतात, मग टर्मिनलची, म्हणजे कमांड टाईप करायची, खिडकी उघडते आणि नुसती काळी राहते, टाईप केलेलं काही उमटतच नाही. असं दिसलं की रिफ्रेश मारत बसू नका, स्क्रीनशॉट पाठवा.

सर्टिफिकेटचा त्रास मात्र खरं डोकं खातो. बऱ्याच कंपन्या एचटीटीपीएस ट्रॅफिक मध्येच उघडून तपासतात आणि स्वतःचं सर्टिफिकेट लावून पुढे सोडतात, ते आयटीने लॅपटॉपवर आधीच टाकलेलं असल्याने ब्राउझर गप्प असतो, पण एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) विश्वासू सर्टिफिकेटांची स्वतःची वेगळी यादी बघतो आणि 'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट' म्हणत इन्स्टॉल अडवतो. शोधलं की पहिला उपाय सापडतो तो एसएसएलची तपासणीच बंद करायचा, तो करू नका, कारण ते सेटिंग नंतर कोणी परत चालू करत नाही. आयटीकडून कंपनीच्या त्या सर्टिफिकेटची मूळ (रूट सर्टिफिकेटची) फाईल मागा आणि तिचा पाथ एनपीएमला द्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्या साइट उघडून घ्यायच्या परवानगीचं म्हणाल तर, तुमच्या कंपनीच्या मॅनेजरने हो म्हणून भागत नाही, नेट क्लायंटचं आहे, तिकीट, म्हणजे आयटीकडची रीतसर विनंती, तिथेच टाकावं लागतं. निदान आठवडाभर आधी टाका. उघडायच्या डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्यांची, पूर्ण यादी आम्ही देतो, ती अर्धी देऊ नका, कारण डॉकरची इमेज (लॅबला लागणारं तयार सॉफ्टवेअरचं पॅकेज) मागताना पत्ता एक असतो आणि तिचे तुकडे, म्हणजे लेयर, येतात दुसऱ्याच डोमेनवरून, त्यामुळे डाउनलोड सुरू होऊन मध्येच लटकतं.

क्लायंटच्या लॅपटॉपवर स्वतःचा हॉटस्पॉट किंवा व्हीपीएन लावून वाट काढायला आम्ही कधीच सांगणार नाही, क्लासपायी क्लायंटकडचं काम गमवायचं का! स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचं नेट असेल तर प्रश्नच नाही, पण तेही ऑफिसात चालतं का ते विचारून घ्या. सर्टिफिकेशनची ऑनलाइन परीक्षा तर घरूनच द्या, स्वतःच्या मशीनवर, आणि सिस्टिम टेस्ट आदल्या दिवशीच करून ठेवा.