व्हरांड्यातली वर्तुळं आणि वर्गातली हवा

मागच्या महिन्यात बहीण गावाला गेली होती, म्हणून भाचीच्या पालकसभेला मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात पिवळ्या ऑइलपेंटची वर्तुळं अजून दिसतात. पुसट झालीत, पण मोजता येतात. एकापासून दुसरं सहा फुटांवर. २०२१ साली शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मुलांनी त्यांत उभं राहायचं असा नियम होता. सभा सहावीच्या वर्गात होती. वर्गाला नवा एसी बसवलाय आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी सिलिकॉननं बुजवल्यात. वरच्या झडपांवर प्लायवूड ठोकलंय. चाळीस मुलं तिथे रोज पाच तास बसतात.

मला तिथे बसवेना. कोविडच्या महासाथीत शाळा उघडायच्या की नाही यावर आपण दीड-दोन वर्षं भांडलो, आणि त्या भांडणात जी गोष्ट सर्वांत मोलाची होती, वर्गात येणारी ताजी हवा, तीच आता प्लायवूडखाली गेली आहे.

सहा फुटांचा नियम आला तो थेंबांच्या हिशोबातून. खोकताना-बोलताना तोंडातून थेंब उडतात, ते थोड्या अंतरावर खाली पडतात, त्यामुळे तेवढं लांब उभं राहिलं की झालं. मोठ्या थेंबांसाठी हे खरं आहे. केसाच्या जाडीचा, म्हणजे १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. पण हवेत पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. व्यास दहापट लहान झाला की वेग शंभरपट कमी. १० मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर पडायला आठेक मिनिटं लागतात, ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास! त्यात डोक्यावर पंखा फिरत असेल तर हे कण पडतात कसले, खोलीभर हिंडत राहतात. आणि आपण नुसतं बोललो तरी असे कण बाहेर पडतात. गायलो, कविता मोठ्यानं म्हटली, पाढे म्हटले तर आणखी. शाळेत दुसरं काय चालतं?

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड हवेतून पसरत नाही असं जाहीर केलं होतं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्याला हरकत घेतली. घोळ होता एका आकड्याचा. ५ मायक्रॉनपेक्षा मोठं ते सगळं झटकन खाली पडतं, असं आरोग्य क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. खरं तर १९३०च्या दशकात अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी ही सीमा १०० मायक्रॉनच्या आसपास दाखवून दिली होती. पाचाचा आकडा क्षयरोगाच्या अभ्यासातला. फुप्फुसात खोलवर पोचायला कण केवढा लहान हवा, याचं ते उत्तर. ते दुसऱ्याच प्रश्नाला चिकटलं. याच वेल्स यांनी फिलाडेल्फियातल्या शाळांच्या वर्गांत छताजवळ अतिनील दिवे लावून पाहिले होते. १९४१च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांत लागण कमी झाली.

गोवराचंच आणखी एक उदाहरण. १९७४ साली अमेरिकेत रॉचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत एका मुलीपासून २८ मुलांना गोवर झाला. ही मुलं होती १४ वेगवेगळ्या वर्गांतली. बहुतेक जण तिच्याबरोबर एका वर्गात कधी बसलेही नव्हते. शाळेतली वायुवीजनाची यंत्रणा सगळ्या वर्गांची हवा गोळा करून त्यातली बरीच पुन्हा वर्गांत सोडत होती. याच साथीचा अभ्यास करताना रायली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे गणित मांडलं, ते मला फार आवडतं. लागणीचा धोका ठरवताना अंशस्थानी येतात बाधित माणसं, त्यांच्यातून दर तासाला बाहेर पडणारा संसर्ग, आपण आत घेतलेली हवा आणि तिथे घालवलेला वेळ. छेदस्थानी एकच गोष्ट: खोलीत दर तासाला येणारी ताजी हवा. वर्तुळातली सहा फुटं या गणितात कुठेच नाहीत. अगदी तोंडासमोर बसलेल्याला धोका जास्त असतो हे खरंच, म्हणून अंतर अगदी निरुपयोगी नाही. पण बंद खोलीत शेवटचा बाक सुरक्षित नसतो.

आता त्या सहावीच्या वर्गाचा हिशोब करू. खोली २० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच धरा. म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर हवा. बसलेलं मूल तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, तर चाळीस मुलं ६०० लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो, याला ४२० पीपीएम म्हणतात. खोली पूर्ण बंद असेल तर तो दर मिनिटाला जवळपास ९० पीपीएमनं वाढेल आणि पस्तीस मिनिटांचा तास संपेपर्यंत साडेतीन हजारांवर जाईल. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४०,००० पीपीएम असतो. बाहेरच्यापेक्षा जास्तीचे ३,१०० भागिले ४०,०००, म्हणजे आठ टक्के. घंटा होते तेव्हा भाचीच्या प्रत्येक श्वासातला साधारण बारावा-तेरावा हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो.

खिडक्या उघडल्या की काय होतं? तासाला खोलीभर हवा एकदा आत आली म्हणजे सगळी जुनी हवा गेली, असं नसतं. गढूळ पाण्याच्या बादलीत नळ सोडला की स्वच्छ पाण्याबरोबर गढूळ पाणीही काठावरून वाहतं, तसंच इथे नवं-जुनं मिसळत जातं. उरलेला अंश काढायचा तर २.७१८ या आकड्याचा ऋण घात घ्यायचा, आणि घातांक म्हणजे तासाचे हवाबदल गुणिले तास. तासाला एकच बदल असेल तर अर्ध्या तासानं घातांक ०.५ येतो आणि ६१ टक्के जुनी हवा उरते. सहा बदल असतील तर घातांक ३, आणि उरतात ५ टक्के. सहा बदलांना चाळीस मुलांचा वर्ग १,३०० पीपीएमच्या आसपास स्थिरावतो, वीस मुलांचा ८६०ला. अर्ध्या पटसंख्येनं वर्ग भरवण्यात हा फायदा होता. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या स्वस्त मीटरांवर फार विसंबू नये, पण चांगला मीटर असेल तर हे भिंतीवर वाचता येतं. मात्र मास्क आणि हवा गाळणारी यंत्रं विषाणूचे कण अडवतात, हा वायू अडवत नाहीत. तेवढं लक्षात ठेवून आकडा वाचावा.

साधा स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही. आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतो. मे २०२०मध्ये जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत उन्हाची लाट आली म्हणून मुलांना मास्कची सूट दिली आणि एसी अखंड चालू राहिले. १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित झाले. त्याआधी १५ एप्रिलला डेन्मार्कनं लहान मुलांच्या शाळा उघडल्या होत्या. तिथे शक्य तेवढे वर्ग बाहेर, उघड्यावर भरवले. आपल्याकडे सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, मुलं रस्त्यात उभी राहून शिकली. विज्ञानाच्या कसोटीवर मला तो फार मोठा उपाय वाटतो.

याउलट ज्यावर आपला जीव आणि पैसा गेला, ते पाहा. बाकांवर फवारे, दारात फवाऱ्यांचे बोगदे, मुलांच्या गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी. कापराचा वास नाकाला मोकळं वाटायला लावतो, विषाणूला त्याचं काही होत नाही. आणि दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं एप्रिल २०२१मध्ये सांगून झालं होतं. पुरचुंडी बांधणाऱ्या आईला मी दोष देत नाही. तिला खिडकीबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळा उघडण्याचा क्रमही आपण उलटा धरला. जुलै २०२१मध्ये आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी प्राथमिक शाळा आधी उघडा असं सुचवलं, कारण विषाणू पेशींवरच्या ज्या जागांना (रिसेप्टर) चिकटतो त्या लहान मुलांत कमी असतात. आयसीएमआरच्याच जून-जुलैच्या चौथ्या पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांत प्रतिपिंडं सापडली. त्यांना लस मिळालेली नव्हती आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या शाळा बंदच होत्या, म्हणजे लागण शाळेबाहेरच होऊन गेली होती. तरी महाराष्ट्रात ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग सुरू झाले, पहिलीतली पोरं डिसेंबरपर्यंत घरी. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. वाचायला शिकण्याचं वय असतं, ते घरात गेलं.

सभा संपल्यावर मी मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, पाच मिनिटं द्या. सरस्वतीच्या फोटोपुढची उदबत्ती घेतली. तिच्या धुराचे कण मायक्रॉनहूनही बारीक, हवेत तरंगणारे. एसी आणि पंखा बंद करून ती मधल्या बाकावर लावली. धूर सरळ वर गेला, छताखाली पसरला आणि तिथेच राहिला. दार उघडलं. धूर जरा डुलला, हटला नाही. मग बाईंनी शिपाईमामांना हाक मारली आणि दारासमोरच्या भिंतीतल्या एका झडपेचं प्लायवूड काढायला लावलं. धुराची रेघ वळली आणि झडपेकडे वाहू लागली. भाची बाकावर उभी राहून म्हणाली, “मावशी, बघ, बाहेर चाललाय!”

बाकी तीन झडपांचे स्क्रू गंजले आहेत. सुतार सोमवारी येणार आहे.