इंजिनाची अडखळ, प्रवेगकालीन
ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाने वेग घेण्याऐवजी क्षणभर दबून राहणे, धक्के देणे किंवा बंद पडू पाहणे, या दोषास ही संज्ञा लावतात. मराठी मेकॅनिक याला ‘गाडी पिकअप घेत नाही’ असे म्हणतात. तेथे ‘पिकअप’ म्हणजे वेग घेण्याची ताकद, वाहनाचा प्रकार नव्हे. प्रस्तुत नोंद मुख्यतः १९७० ते १९९५ या काळातील अमेरिकी पेट्रोल पिकअप ट्रकांविषयी आहे.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा रोखणारी वा सोडणारी झडप) एकदम उघडला की हवा तत्काळ आत शिरते, पेट्रोल मात्र मागे पडते आणि मिश्रण काही क्षण विरळ होते. पेट्रोल मागे का पडते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पेट्रोल हवेपेक्षा जड असल्याने जडत्वामुळे ते उशिरा हलते, हे जुने स्पष्टीकरण होय. दुसऱ्यानुसार थ्रॉटल उघडताच मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब वाढून बाष्पीभवन मंदावते, पेट्रोलचे थेंब नळ्यांच्या भिंतींवर बसतात आणि तेथील ओला थर पुरेसा जाड होईपर्यंत सिलिंडरांना इंधन कमी पडते. फोर्ड कंपनीतील सी. एफ. अक्विनो यांनी १९८१ मध्ये पाच लिटर इंजिनाच्या अभ्यासात याचे गणिती प्रतिमान मांडले. पुरवलेल्या इंधनाचा किती अंश भिंतीवर बसतो आणि तो थर किती वेळात उडून जातो, या दोनच राशींवर आधारलेले हे प्रतिमान पुढे ‘एक्स-टाऊ’ नावाने रूढ झाले. इंजिन थंड असताना अडखळ वाढते, हे नित्याचे निरीक्षण थराच्या स्पष्टीकरणाशी अधिक जुळत असल्याने तेच ग्राह्य वाटते. तथापि कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) मुख्य जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, इंधन ओढले जाण्यास लागणारा वेळही अगदीच नगण्य नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप असतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात तो सर्वसाधारण झालेला दिसतो. निदानाची सुरुवात येथूनच करणे इष्ट. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा, चोकची (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी) पट्टी उघडी धरावी आणि वरून डोकावत थ्रॉटलचा दांडा हाताने ओढावा. दांडा हलताक्षणी पेट्रोलच्या बारीक, सरळ धारा उडाल्या पाहिजेत. धार उशिरा आली किंवा नुसती ओघळली, तर पंपाची चामड्याची वा रबराची वाटी आकसलेली असते, किंवा आतील झडपेची गोळी अडकलेली असते. चालू इंजिनात असे डोकावू नये. उलटा भडका उडून चेहरा भाजू शकतो.

जनरल मोटर्सच्या ट्रकांवरील रॉचेस्टर क्वाड्राजेट या चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये आणखी एक कारण संभवते. त्याच्या मागील नळ्यांवरील हवापट्टी सावकाश उघडावी म्हणून तिला निर्वातावर चालणारा पडदा रोखून धरतो. तो फाटला की पट्टी झटकन उघडते; अशा वेळी ॲक्सिलरेटर हळू दाबल्यास ट्रक नीट धावतो, पूर्ण दाबल्यास गुदमरतो.

पंप ठीक असल्यास ठिणगीकडे वळावे. भार वाढला की सिलिंडरातील दाब वाढतो आणि ठिणगीस अधिक व्होल्टेज लागते, म्हणून जुनाट प्लग-वायरींतून नेमकी तेव्हाच वीज गळू लागते. रात्री बॉनेट उघडून पाहिल्यास त्यांवर निळसर चमक दिसते. मॅनिफोल्डमध्ये बाहेरून शिरणारी हवा, म्हणजे हवागळती, शोधण्यासाठी निर्वातमापक उपयोगी पडतो. समुद्रसपाटीजवळ, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) सुस्थितीतील इंजिन साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते.

जनरल मोटर्सच्या १९८७ पासूनच्या पूर्णाकार ट्रकांत थ्रॉटल-बॉडी इंजेक्शन (थ्रॉटलपाशीच पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आले. त्यातील इंधनदाब दर चौरस इंचास ९ ते १३ पौंड, म्हणजे मुळातच कमी, असल्याने थोडा तुंबलेला फिल्टरही जाणवतो. थ्रॉटलच्या स्थितीचा सेन्सर थ्रॉटल बंद असता सुमारे अर्धा आणि पूर्ण उघडल्यावर साडेचार व्होल्टपर्यंत देतो. त्याचा घासलेला भाग काट्याच्या मीटरवर काट्याच्या क्षणिक झुकण्याने कळतो. साध्या डिजिटल मीटरवर तो बहुधा निसटतो.

महाराष्ट्रातील मालवाहू पिकअप प्रामुख्याने डिझेलवर चालतात. जुन्या डिझेल इंजिनांत हवा अडवणारा थ्रॉटल सहसा नसल्याने वरील मीमांसा त्यांना लागू पडत नाही. तेथे तुंबलेला डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज किंवा लाइनीत शिरलेली हवा तपासावी. पुरवठ्याच्या मार्गात पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.