निसर्गाधारित सांडपाणी शुद्धीकरण व पुनर्वापर (नाशिक परिसर)

वनस्पती, माती, खडी आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारे सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने, यंत्रे व वीज यांची गरज शक्य तितकी कमी ठेवून, घरगुती मैलापाणी पुन्हा वापरण्याजोगे करण्याच्या पद्धती. स्थिरीकरण तळी, गांडूळगाळणी आणि कृत्रिम पाणथळ हे त्यांतील परिचित प्रकार होत. कृत्रिम पाणथळीवरील आरंभीचे प्रयोग 1950 च्या दशकात जर्मनीत केटे झाइडेल यांनी केले. भारतात नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ ही पद्धत विकसित केली.

कृत्रिम पाणथळीत मैलापाणी आधी टाकीत निवळू देतात आणि मग सुमारे अर्धा ते पाऊण मीटर खोल, तळातून पाणी न झिरपणाऱ्या खडीच्या वाफ्यात सोडतात. नाशिकच्या आसपास काळ्या पाषाणाची खडी सहज मिळते. वाफ्यात पाणकणीस, बोरू किंवा कर्दळ लावतात. पाणी खडीच्या पृष्ठाखालूनच वाहत असल्याने वाफा वरून कोरडा दिसतो, त्यावरून चालता येते आणि डासांना अंडी घालायला उघडे पाणी मिळत नाही. वनस्पती घाण ‘पिऊन टाकतात’ हा समज मात्र अर्धाच खरा आहे. बहुतेक काम खडीवर साचलेल्या बुळबुळीत थरातील जिवाणू करतात. मुळे त्यांना आधार आणि थोडा प्राणवायू पुरवतात. अमोनियाचे नायट्रेट होण्यास प्राणवायू लागतो, तर नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर प्राणवायूच्या अभावी होते. म्हणून उभ्या प्रवाहाचा (पाणी वरून खाली झिरपणारा, हवा खेळणारा) वाफा आणि त्यामागे आडव्या प्रवाहाचा (पाण्याने भरलेला, हवा कमी मिळणारा) वाफा, अशी जोडी अनेकदा बांधली जाते. फॉस्फरस खडी धरून ठेवते, पण तिची क्षमता कालांतराने संपते.

वीज वाचते, जागा मात्र भरपूर लागते. नाशिकमधील तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक येथील यांत्रिक मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचे काम दाट वस्तीच्या शहरात केवळ वाफ्यांवर सोपवता येणार नाही. गृहसंकुले, आश्रमशाळा आणि गोदावरीकाठची खेडी येथे ही पद्धत अधिक शोभते. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींतील धातुयुक्त सांडपाणी अशा वाफ्यात सोडू नये, कारण जड धातू जिवाणूंना मारक ठरतात आणि नष्ट न होता गाळात साठतात. पूररेषेच्या आतील वाफा एका पुरातही गाळाने बुजू शकतो. एरवी बिघाडाचे नेहमीचे कारण साधे असते : निवळण टाकी वेळेवर उपसली जात नाही आणि खडी तुंबते.

पुनर्वापरात बागा, रस्त्याकडेची झाडे आणि शौचालयांची धुलाई यांना अडचण कमी. द्राक्षबागेचे तसे नाही. पाणथळीतून गेल्याने पाण्यातील क्षार कमी होत नाहीत, उलट उन्हाळ्यातील बाष्पीभवनाने त्यांची तीव्रता थोडी वाढते. क्लोराइडने पानांच्या कडा करपतात आणि सोडियमने काळी जमीन घट्ट होऊन निचरा मंदावतो. ‘डॉगरिज’सारख्या क्षारसहिष्णू खुंटावर कलम केलेल्या वेलींना हा त्रास कमी होतो. ठिबकच्या तोट्या तुंबू नयेत म्हणून पाणी पुन्हा गाळावे लागते, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी निर्जंतुकीकरण टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सिंचनाच्या पाण्यात कृमींची अंडी लिटरमागे एकाहून अधिक नसावीत, असे म्हटले आहे.

गोदापात्रात पसरणारी जलपर्णी हे शुद्धीकरण नव्हे, तर पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस वाढल्याची ती खूण आहे. ती काढून नेली नाही, तर कुजून शोषलेली द्रव्ये परत पाण्यातच सोडते आणि प्राणवायूही संपवते. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर ही पाणथळ गोदावरीच्या प्रवाहात नाशिकच्या खालच्या अंगाला आहे; रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) आलेली ती राज्यातील पहिली पाणथळ असून हा समावेश जानेवारी 2020 मध्ये जाहीर झाला. नैसर्गिक पाणथळीला शहराची गाळणी मानण्याची चूक म्हणूनच येथे अधिक महागात पडते.