मोजून दिलेला चटका

खुर्चीवर रेललेल्या माणसाला डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत असतात, "किती गरम लागतंय? शून्य ते चारमध्ये सांगा." गालावर यंत्राचं गुळगुळीत टोक टेकतं. आधी गारवा लागतो, मग खोलवरून ऊब येते, क्षणभर चटका बसतो आणि परत गार. उत्तर 'दोन' आलं की डॉक्टर पुढे सरकतात. 'चार' आलं की यंत्राची ताकद लगेच कमी करतात. सैल पडलेली त्वचा शस्त्रक्रियेविना घट्ट करण्यासाठी जे रेडिओफ्रीक्वेन्सी उपचार केले जातात, त्यांतला हा एक नेहमीचा प्रसंग. इतकं प्रगत यंत्र शेवटी माणसाच्या तोंडच्या उत्तरावर का चालतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आपली त्वचा ताठ ठेवते ती वरच्या पातळ थराखालची अंतस्त्वचा. चेहऱ्यावर तिची जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तिच्यात मुख्यतः कोलॅजन असतं. कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन पेड घट्ट पिळून केलेली दोरी. असे असंख्य दोर एकमेकांत गुंतून जाळं होतं, आणि ते विणण्याचं काम फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी करतात. विशी ओलांडली की त्वचेतलं कोलॅजन दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटतं. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर ते ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. आरशासमोर उभं राहून दोन बोटांनी गाल कानाकडे ओढून पाहण्याची सवय याच वर्षांत लागते, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

दुसरा तंतू इलॅस्टिनचा. हाताच्या पंजाच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडा. ती झटकन बसते की रेंगाळते, हे बऱ्याच अंशी इलॅस्टिनवर ठरतं. शरीर ते मुख्यतः बालपणापर्यंतच बनवतं, पुढे नवं फारसं तयार होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांचा सगळा भर कोलॅजनवर असतो.

कोलॅजनची ही तिपेडी दोरी सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की तिचा पीळ सुटतो आणि ती आखडते. त्वचा थोडी ताणली जाते, पण हा परिणाम लहानसा असतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. आखडलेले तंतू पाहून शरीर समजतं की इथे जखम झाली आहे. दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, फायब्रोब्लास्ट कामाला लागतात आणि पुढचे तीन ते सहा महिने नवं कोलॅजन विणलं जातं. म्हणजे त्वचा घट्ट करतं ते आपलं स्वतःचं शरीर. यंत्र फक्त मोजून एक चटका देतं. उपचाराच्या दिवशीच आरशात जो तजेला दिसतो, त्यात सुजेचा वाटा बराच असतो. तो आठवड्याभरात उतरला म्हणून कुणी निराश होऊ नये.

मोजून हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. रेडिओफ्रीक्वेन्सीत सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह त्वचेतून जातो. त्वचेच्या रोधामुळे आत उष्णता तयार होते आणि वरचा थर भाजू नये म्हणून पृष्ठभाग थंड ठेवतात. २००२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी अशा यंत्राला परवानगी दिली. सुरुवातीच्या काळात जास्त ताकद लावून एकदाच यंत्र फिरवलं जाई. त्यात काही जणांना भाजलं, काहींच्या त्वचेखालची चरबी विरघळून गालावर खळगे पडले. पुढे पद्धत बदलली. ताकद कमी ठेवून त्याच जागेवरून अनेकदा फिरवायचं आणि रुग्णाला विचारत राहायचं. आतलं तापमान धोक्याकडे चाललंय, हे रुग्णाच्या नसा सर्वांत आधी सांगतात. म्हणूनच चेहरा पूर्ण बधिर करून हा उपचार करण्याचं डॉक्टर टाळतात. वेदना अजिबात होणार नाही असं आश्वासन कुणी दिलं, तर ताकद किती लावणार, हे जरूर विचारा.

अल्ट्रासाऊंडची तऱ्हा निराळी. लहानपणी भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळला असेल, तर हे लगेच कळेल. ध्वनिलहरी त्वचेतून विखुरलेल्या जातात आणि दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोलीवर एका बिंदूत एकवटतात. तेवढाच बारीक ठिपका भाजतो, वरची त्वचा शाबूत राहते. सर्वांत खोल ठिपके स्नायूंवरच्या त्या आवरणापर्यंत पोहोचतात, जे शस्त्रक्रियेत शल्यविशारद ओढून शिवतात. २००९ साली अमेरिकेत भुवई उचलण्यासाठी याला परवानगी मिळाली. चेहऱ्याच्या नसा कुठून जातात हे माहीत नसलेल्या हातात हे यंत्र देऊ नये. नस दुखावली तर ओठाचा कोपरा काही आठवडे वाकडा राहू शकतो.

सावळ्या वर्णाच्या वाचकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. लेझरची ऊर्जा काही वेळा त्वचेतलं रंगद्रव्यच शोषून घेतं, आणि लेझरने भाजलेल्या जागी पुढे काळे डाग उमटण्याचा धोका असतो. वीज आणि ध्वनी रंग पाहत नाहीत. तिथे हा धोका कमी असतो, पण चुकून भाजलं तर डाग तिथेही पडतोच.

हे उपचार कुणासाठी? त्वचा थोडी किंवा मध्यम सैल असलेल्यांसाठी. वयानुसार चेहऱ्याची हाडं झिजतात, डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, गालांतली चरबी कमी होते आणि खाली सरकते. पिशवी तीच, आतलं सामान मात्र घटलेलं. अशा वेळी पिशवीचं कापड थोडं आखडून काय होणार? हनुवटीखाली कातडी लोंबत असेल तर प्रामाणिक डॉक्टर शस्त्रक्रियेचंच नाव घेतील. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी रेडिओफ्रीक्वेन्सीच्या वाटेला जाऊ नये. गरोदरपणात हे सगळंच टाळतात.

आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दाखवले, तर आधी उजेड पाहा. वरून पडलेला उजेड प्रत्येक सुरकुती कोरून दाखवतो, समोरचा उजेड ती पुसून टाकतो. हनुवटी बोटभर वर उचलली की मान आपोआप तुकतुकीत दिसते.

आहे ते कोलॅजन वाचवण्याचा उपाय मात्र भरभक्कम पुराव्याचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं एक प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी वृद्ध झाली. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं त्याने मालट्रक चालवला. खिडकीच्या काचेने ऊन अडल्यासारखं वाटत असलं, तरी कोलॅजन तोडणारे दीर्घ लांबीचे अतिनील किरण तिच्यातून आरपार येत होते. त्याचा उजवा गाल वयाला साजेसा होता. खिडकीकडचा डावा गाल खोल घड्या पडून लोंबत होता.