मोठ्या एसयूव्हींचे महामार्गावरील अ‍ॅव्हरेज (ठाणे–नवी मुंबई परिसर)

मोठी एसयूव्ही महामार्गावर एका लिटर पेट्रोल वा डिझेलमध्ये प्रत्यक्षात जेवढे किलोमीटर जाते, त्याला तिचे महामार्गावरील अ‍ॅव्हरेज म्हणतात. मायलेज हाही शब्द याच अर्थाने रूढ आहे. उत्पादकाने जाहीर केलेला प्रमाणित आकडा आणि टाकी भरून रस्त्यावर मोजलेला आकडा यांत तफावत असते. ही तफावत लहान मोटारींपेक्षा मोठ्या एसयूव्हींत अधिक जाणवते. ठाणे व नवी मुंबई परिसरातून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, नाशिक महामार्ग, समृद्धी महामार्ग, मुंबई–गोवा महामार्ग आणि अटल सेतू हे सारेच जवळ आहेत. मात्र अटल सेतू सोडला तर यांपैकी कोणत्याही रस्त्याने दूर जायचे तर चढ किंवा घाट लागतोच. त्यामुळे सपाट प्रदेशातील आकडे इथे लागू पडत नाहीत.

‘मोठी एसयूव्ही’ म्हणजे नेमकी कोणती, याची व्यवहारात पक्की व्याख्या नाही. वस्तू व सेवा कर परिषदेच्या व्याख्येत लांबी ४,००० मिमी.पेक्षा जास्त, इंजिन १,५०० घसेमी.पेक्षा मोठे आणि ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिमी. अशा तीन अटी होत्या. त्या करआकारणीपुरत्या ठीक असल्या तरी इंधनाच्या चर्चेत वजन आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ हेच महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत नोंदीत टाटा सफारी, महिंद्रा स्कॉर्पिओ-एन व एक्सयूव्ही७००, टोयोटा फॉर्च्युनर या वर्गातील, प्रवासी व सामानासह सुमारे दोन ते अडीच टन भरणाऱ्या गाड्या अभिप्रेत आहेत.

प्रमाणित आकडा : शोरूममध्ये सांगितला जाणारा आकडा ‘एआरएआय’चा म्हणून ओळखला जातो. पुण्यातील ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ साली स्थापन झाली. चाचणी रस्त्यावर होत नाही. चाचणीकक्षात गाडीची चाके रोलरवर फिरवून ती ठरावीक वेगक्रमाने चालवतात. १९८०च्या दशकात तयार झालेला मूळ भारतीय वेगक्रम १०८ सेकंदांचा होता व त्यातील कमाल वेग ताशी ४२ किमी. होता. मोटारींसाठी २००० सालाच्या सुमारास त्याची जागा सुधारित भारतीय वेगक्रमाने (एमआयडीसी) घेतली. हा जुन्या युरोपीय वेगक्रमावरून बेतलेला असून एकूण १,१८० सेकंदांचा आहे. त्याचे पहिले ७८० सेकंद शहरी भागाचे व उरलेले ४०० सेकंद शहराबाहेरचे मानले जातात. युरोपात या दुसऱ्या भागाचा कमाल वेग १२० होता. भारतात तो ९० ठेवला गेला. संपूर्ण चाचणीचा सरासरी वेग ताशी बत्तीस किमी.च्या आसपास येतो. घोडबंदर रोडवर रहदारी बरी असलेल्या दिवशीही जवळपास एवढाच वेग पडतो. शिवाय चाचणीत एसी बंद असतो, चढ नसतो आणि वाराही नसतो. तेव्हा प्रमाणित आकड्याला महामार्गाचा आकडा समजणे मुळातच चुकीचे आहे, मग तो आकडा प्रत्यक्षात गाठला जावो वा न जावो.

उदाहरणार्थ, दोन लिटर डिझेल इंजिनाच्या टाटा सफारीचा २०२३ सालच्या आवृत्तीचा जाहीर आकडा मॅन्युअलसाठी लिटरला १६.३ व ऑटोमॅटिकसाठी १४.५ किमी. होता. ताशी ८० ते ९०च्या संथ, एकसारख्या वेगाने सपाट रस्त्यावर अशी गाडी या आकड्याच्या जवळ जाऊ शकते. ती ११०च्या पुढे नेली की आकडा झपाट्याने घसरतो. युरोपातील अनुभवही याच दिशेचा आहे. तिथे जाहीर आणि प्रत्यक्ष इंधनखपातील तफावत २००१मध्ये सुमारे ९ टक्के होती. २०१०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ४० टक्क्यांच्या घरात गेली, असे आंतरराष्ट्रीय स्वच्छ वाहतूक परिषदेच्या पाहण्या सांगतात. भारतात एप्रिल २०२३पासून प्रत्यक्ष रस्त्यावर उत्सर्जन मोजले जाते. मात्र त्याचा रोख प्रदूषकांवर आहे, अ‍ॅव्हरेजवर नाही.

सर्वाधिक अ‍ॅव्हरेज देणारा वेग : याविषयी मतभेद आहेत. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८पासून इंधनबचतीचा प्रचार करते. ताशी ४५ ते ५५ किमी. वेगाने गाडी चालवल्यास ८०च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर मिळते, असा तिचा जुना सल्ला आहे. दुसरीकडे, द्रुतगती मार्गावर नेहमी ये-जा करणारे ‘ऐंशी-नव्वदला लावून ठेवा’ असे सांगतात. हा दुसरा संकेत कुठून आला याचे तीन प्रकारे स्पष्टीकरण दिले जाते. काहींच्या मते त्याचे मूळ वेगक्रमातील ९०च्या मर्यादेत आहे. परंतु चाचणीकक्षातील हा तपशील वाहनचालकांपर्यंत पोचला असेल, हे संभवत नाही. दुसरे मत १९७३च्या तेलसंकटाकडे बोट दाखवते. त्यानंतर १९७४मध्ये अमेरिकेने ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किमी.ची मर्यादा घातली. आकडे जुळतात हे खरे. तथापि त्या काळातल्या अँबॅसडर आणि फियाट तासन्‌तास त्या वेगाने धावत नव्हत्या, आणि भारतातला अधिकृत सल्लाही याहून कितीतरी कमी वेगाचा होता.

तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार हा संकेत पाच व सहा गिअरच्या गाड्यांबरोबर, बहुधा २००२ साली मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाल्यानंतर रूढ झाला. या मार्गावर मोटारींची मर्यादा दीर्घकाळ ताशी ८० होती, पुढे ती १०० झाली. चार गिअरच्या जुन्या मोटारीचे इंजिन ८०च्या वेगाला कर्कश ओरडत असे. सहाव्या गिअरमधली आजची डिझेल एसयूव्ही त्याच वेगाला मिनिटाला दीड हजाराच्या आसपासच्या फेऱ्यांवर आरामात चालते. यावरून दोन्ही सल्ले आपापल्या काळाच्या गाड्यांना धरून होते असे म्हणता येईल. काटेकोरपणे पाहता सर्वांत कमी इंधन लागते ते वरच्या गिअरमध्ये इंजिन न अडखळता राहील अशा सर्वांत कमी वेगाला, आणि तो बहुतेक गाड्यांत ऐंशीच्याही खाली असतो. द्रुतगती मार्गाच्या उजव्या लेनमध्ये हा प्रयोग करू नये.

वेग वाढला की अ‍ॅव्हरेज का पडते, हे ढोबळ हिशेबाने दाखवता येते. चालू वजन २,२०० किग्रॅ., वातरोध गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडतो याचे माप) ०.३७, समोरचे क्षेत्रफळ २.८५ चौ. मी. आणि टायरचा घर्षण गुणांक ०.०११ धरला, तर सपाट रस्त्यावर चाकांशी लागणारी शक्ती ताशी ८०ला सुमारे १२ किलोवॅट, १००ला २० आणि १२०ला ३० किलोवॅट येते. टायरचा विरोध या तिन्ही वेगांना जवळपास सारखाच राहतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. सेडान बुटकी व निमुळती असल्याने तिला हा दंड कमी बसतो. १७० अश्वशक्तीचे इंजिन १००च्या वेगाला जेमतेम सत्तावीस अश्वशक्ती देत असते. त्यामुळे ‘इंजिन मोठे म्हणून पिते’ हे नेहमीचे स्पष्टीकरण महामार्गापुरते अपुरे आहे; इंधन जाते ते मुख्यतः गाडीच्या उंच, रुंद नाकामुळे. छतावर कॅरिअर आणि त्यावर ताडपत्रीत बांधलेले सामान असले की हे सारे आणखी बिघडते.

अटल सेतूवर (लांबी २१.८ किमी., १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन, मर्यादा ताशी १००) वाऱ्याचा भाग स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात नवी मुंबईकडील चिर्ल्याहून मुंबईतील शिवडीकडे येताना नैर्ऋत्येचा वारा तिरका समोरून येतो. ताशी २० किमी.चा वारा थेट समोरून असेल तर १००च्या वेगालाही हवेचा विरोध १२०च्या इतका, म्हणजे ४४ टक्क्यांनी जास्त होतो. जाताना चांगला आणि येताना वाईट दिसणाऱ्या आकड्याचे कारण पुष्कळदा हेच असते. गाडी गॅरेजला नेण्याची गरज नसते.

घाट : खोपोली ते लोणावळा हा चढ सुमारे ५५० मी.चा आहे. आधीच्या हिशेबातली २,२०० किग्रॅ.ची गाडी तेवढी उचलायला जवळजवळ १२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि चढावर इंजिन त्यातली साधारण एक-तृतीयांश वापरू शकते. म्हणजे बोरघाट चढण्याची किंमत, नेहमीच्या धावेखेरीज, एक लिटर डिझेल. गंमत अशी की डिझेल इंजिन सर्वांत कार्यक्षम असते ते याच जड ओझ्याखाली. अ‍ॅव्हरेज सर्वांत वाईट दिसते तेही इथेच. उतरताना इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) बंद राहून थोडी भरपाई होते, पण ताशी ६०ची मर्यादा सांभाळताना बरीच ऊर्जा ब्रेकमध्ये तापून जाते.

जाऊन-येऊन सरासरी काढताना येथे हमखास घोटाळा होतो. चढताना ९ आणि तेवढेच अंतर उतरताना १८ किमी. मिळाले, तर सरासरी साडेतेरा होत नाही, १२च येते. कारण बेरीज लिटरची करायची असते, आकड्यांची नव्हे. एका दिशेचे अ‍ॅव्हरेज सांगणाऱ्या दाव्यांना म्हणूनच फारसे मोल नाही. नाशिकच्या बाजूला इगतपुरी सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि सुमारे ८ किमी.च्या बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणे टळली. चढायची उंची मात्र तेवढीच राहिली; ती सौम्य होऊन पसरली आणि ट्रकमागे रखडणे वाचले, हा खरा लाभ. ताशी १२०ची परवानगी पुरेपूर वापरणाऱ्यांचा हा लाभ पुढच्या सपाटीवर संपतो.

मोजण्याची पद्धत : डॅशबोर्डवरील आकडा इंजेक्टरच्या हिशेबावरून काढलेला असतो आणि बहुधा थोडा चढा असतो. टाकी फुल करून, धावून, पुन्हा फुल करणे ही पद्धत अधिक विश्वसनीय मानली जाते, पण तिच्यातही खाचाखोचा आहेत. डिझेलला फेस येतो. नॉझल पहिल्यांदा ‘कट’ झाला, म्हणजे आपोआप थांबला, तरी टाकीत जागा असू शकते. त्यानंतर पंपावरचा पोऱ्या शंभराच्या पटीत राउंड फिगर करून देतो आणि एखादा लिटर सहज इकडचा तिकडे होतो. फॉर्च्युनरच्या ८० लिटरच्या टाकीत हा फरक जिरतो. ५० लिटरच्या टाकीत वीस-पंचवीस लिटरवरच मोजणाऱ्याचा आकडा त्याने चार-पाच टक्क्यांनी हलतो. पंप तोच, गाडी त्याच जागी सपाट उभी आणि पहिल्या कटला थांबणे, एवढे पाळले तरी पुरते. वेगाचा काटाही खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो.

मोजणी कुठे सुरू केली यालाही महत्त्व आहे. खारघर वा कामोठ्याहून निघालेली गाडी काही मिनिटांत कळंबोलीला द्रुतगती मार्गावर लागते. घोडबंदर रोडला टाकी भरलेल्या गाडीच्या हिशेबात आधी माजिवडा आणि मग शिळफाटा किंवा ठाणे–बेलापूर रस्ता असे तीसेक किलोमीटर येतात. सव्वादोन टनांची गाडी थांबून पुन्हा १००च्या वेगावर आणायला अंदाजे ८० मिलि. डिझेल जाते, दर थांब्याला एक कटिंग चहा म्हणा ना. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या वेशीवरील टोल हलक्या वाहनांना माफ झाल्याने वाशी, ऐरोली व मुलुंड येथील थांबे तरी कमी झाले. आठवडाभर शहरात रखडलेल्या डिझेल गाडीचा काजळी-गाळक (धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ) अनेकदा महामार्गावर येताच स्वतःला जाळून साफ करतो. तेवढ्या पट्ट्यात इंधन जास्त जाते.

पेट्रोल एसयूव्हींच्या बाबतीत २० टक्के इथेनॉल मिश्रणाचा मुद्दा वादग्रस्त आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात आहे; नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत ती १ ते २ टक्के धरली आहे. ऊर्जेच्या निव्वळ हिशेबाला पहिला आकडा जवळचा आहे. हायब्रिड गाड्यांचा फायदा शहरात मोठा असतो आणि एकसारख्या वेगाला आटतो. विजेवरील एसयूव्ही घाट उतरताना बॅटरीत काही ऊर्जा परत घेतात, परंतु ताशी १००ला हवेचा विरोध त्यांनाही चुकत नाही.