साईड न देणे (विदर्भातील महामार्ग)

साईड न देणे : मागून वेगाने येणाऱ्या वाहनाला वाट न देता महामार्गाच्या उजव्या मार्गिकेतून सावकाश चालत राहणे. याला 'लेन धरून बसणे' असेही म्हणतात. 'दोन किलोमीटर झाले डिपर मारून राह्यलो, साईडच देत नाही' ही तक्रार वऱ्हाडातल्या कोणत्याही ढाब्यावर कानी पडते. इथे साईड म्हणजे वाट आणि डिपर म्हणजे पुढच्या दिव्यांची उघडझाप.

भारतात वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे दुभाजकालगतची उजवी मार्गिका पुढच्याला ओलांडण्यापुरती वापरायची आणि ओलांडून झाले की डावीकडे परतायचे. ओलांडले जात असताना आपला वेग वाढवायचा नाही, हाही नियमच आहे. वाहन कसे चालवावे याचे विनियम २०१७ मध्ये नव्याने लागू झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १७७-अ नुसार त्यांच्या भंगासाठी ५०० ते १,००० रुपये दंड आहे. वेगमर्यादा ओलांडणारा कॅमेऱ्यात सापडतो. उजवीकडे साठच्या वेगाने निवांत चालणारा सहसा सापडत नाही, आणि आपले काही चुकते आहे असे त्यालाही वाटत नाही. 'मी हळूच तर चालवतो' हे त्याचे प्रामाणिक उत्तर असते.

ही सवय जुन्या रस्त्यांनी लावली. विदर्भाचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्याच्या कडा खचतात. साईडपट्टी मुरुमाची, तिच्यापलीकडे बाभळीची झुडपे. अशा रस्त्यावर गाडी मधोमध ठेवायची आणि समोरून कोणी आले तरच डावीकडे घ्यायची, हेच शहाणपण होते. दोन-तीन पिढ्यांचे चालक असे तयार झाले. पुढे अमरावती-अकोल्याकडे जाणारा महामार्ग (आजचा क्रमांक ५३, पूर्वीचा ६) आणि हिंगणघाट-पांढरकवड्याकडून तेलंगणात उतरणारा क्रमांक ४४ चौपदरी झाले. रस्ता रुंद झाला, पण हात मधोमध चालवण्यालाच सरावलेले राहिले.

चौपदरी रस्त्यावरही डावी मार्गिका टाळण्याची कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. भरलेल्या ट्रकांच्या सततच्या चाकोऱ्यांनी ती आधी खराब होते. फाट्यावरून दुचाकी थेट तिच्यात शिरतात, पंक्चर झालेला ट्रक तिच्यातच उभा असतो आणि हंगामात कडेला सोयाबीन वाळत घातलेले असते. वणी-घुग्घुसचा कोळसा किंवा गडचांदूरचे सिमेंट घेऊन निघालेल्या चालकाला ब्रेक मारून पुन्हा वेग धरणे जड जाते, म्हणून तो उजवीकडेच राहणे पसंत करतो. कापसाच्या गाडीची अडचण वेगळी. ऑक्टोबरनंतर जिनिंगकडे निघालेला मेटाडोर दोन्ही अंगांनी एवढा फुगलेला असतो की आरशात कापसाशिवाय काही दिसत नाही. मागचा माणूस वैतागून हॉर्न वाजवतो, पण पुढच्याला त्याचे अस्तित्वच ठाऊक नसते.

ट्रकने ट्रकला ओलांडण्याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, मालवाहू वाहनाला ८०. ताशी ८० ने जाणारा ट्रक ७५ ने जाणाऱ्याला ओलांडू लागला, तर दोघांच्या लांबीसह पुढची-मागची मोकळी जागा धरून साठेक मीटर अंतर त्याला कापावे लागते. वेगातला फरक ताशी पाचच किलोमीटरचा असल्यामुळे याला पाऊण मिनिट लागते, आणि तेवढ्यात दोघे जवळजवळ एक किलोमीटर रस्ता अडवून पुढे गेलेले असतात. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटासारख्या चढावर हा फरक आणखी घटतो. डावीकडच्या चालकाने क्षणभर पाय उचलला तर सगळ्यांचीच सुटका होते. तेवढे फार थोडे जण करतात.

ट्रॅक्टर आणि बैलबंडी यांना मात्र या नोंदीत दोषी धरता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग झाला म्हणून शेत दुसरीकडे गेले नाही. सेवारस्ता मध्येच संपतो किंवा मुळात नसतोच. दुभाजकातली फट दूर असल्याने काहींना उलट दिशेने यावे लागते, आणि ते खरोखर धोक्याचे आहे. पण डाव्या कडेने वीस-पंचवीसच्या वेगाने तूर घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या घालणारा मोटारवाला अनेकदा स्वतःच पुढच्या दहा किलोमीटरभर उजवी मार्गिका सोडत नाही. सावकाश जाण्यात गुन्हा नाही. चुकीच्या जागी, आरशात न पाहता सावकाश जाणे हा अपराध आहे. ट्रॉलीकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे की अंधारात तिच्या मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी असावी, कारण उन्हाळ्यात निम्मी वाहतूक रात्रीच चालते.

समृद्धी महामार्गावर ही सबबही उरत नाही. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ ला संपूर्ण रस्ता. विदर्भात तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना तिथे बंदी आहे, दोन्ही दिशांना तीन-तीन मार्गिका आहेत, मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि जड वाहनांना ८० ची. तरीही नव्वदच्या वेगाने दुभाजकाला चिकटून चाललेली, फोनवर बोलणाऱ्या चालकाची मोटार तिथे रोज भेटते. मग मागचा डावीकडून, दोन ट्रकांच्या मधल्या जागेतून घुसतो. खरा धोका तिथे आहे, कारण डावीकडून कोणी येईल याची ट्रकचालकाला कल्पना नसते आणि त्या बाजूचे त्याला कमीच दिसते.

इशाऱ्यांचा घोळ वेगळाच. कोणी उजवा दिवा 'जा पुढे' म्हणून लावतो, कोणी 'थांब, मी वळतोय' म्हणून. क्लीनरचा खिडकीबाहेर आलेला हात त्यातल्या त्यात भरवशाचा, पण रात्री तोही दिसत नाही. ट्रकांच्या मागची 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे राज्याने २०१५ मध्ये बंद केली. डिपरचा अर्थ मात्र अनेकांना अजून 'वाट दे' असा न लागता अपमान असा लागतो, आणि मग हटवादीपणा सुरू होतो.

या हटवादीपणाची सर्वांत मोठी झळ रुग्णाला बसते. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या गावांतून गंभीर रुग्ण सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूरच्या मेडिकलला हलवतात. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे, आणि अशा वाहनाला वाट न देणाऱ्यास कलम १९४-ई नुसार १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण सगळेच रुग्ण भोंग्याच्या गाडीतून जात नाहीत. प्रस्तुत नोंदकर्त्याने देवळीच्या पुढे एक जीप पाहिली आहे. मागच्या बाकावर बाळंतीण आडवी, शेजारी सासू आणि चालक सारखा डिपर देत होता. पुढची मोटार सेलूपर्यंत उजवीकडून हलली नाही.